मे महिन्यातलं ओलं अंगण

जानके, तुझ्या शोकसभेतून मी मधेच उठून बाहेर आले. सगळ्यांना वाटलं, बाईंना रडू आवरलं नाही. रडू कसलं? मला शिसारी आली होती. आणखी पाच मिनिटं तिथे बसले असते तर माझ्या जिभेने सगळ्यांची सालटी काढली असती, आणि ते तुला आवडलं नसतं.

तुझ्या ख्रिस्ती मंडळीची ती पत्र्याची शेड, खाली अंथरलेल्या ताडपत्र्या, वर दुपारचं ऊन. जव्हारहून मोटारसायकलवर आलेले पाळक म्हणाले, आपली बहीण प्रभूमध्ये झोपी गेली. इथपर्यंत ठीक होतं. मग रामूदादा उठला, तुमच्या मंडळीचा पुढारी. छातीवर हात ठेवून म्हणाला, "जानकीबाय सगल्यांना धरून ऱ्हायची. तिच्याजवल भेदभाव नव्हता." त्याची बायको पारू पुढेच बसली होती. तिने डोळ्यांना पदर लावला. मी तिच्या पदराकडे बघत राहिले. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते काय खोटं नाही. जिच्या प्रेमाचे गोडवे चालले होते, तिला गेली चार वर्षं याच माणसांनी दाराशी दोन हंडे ठेवून दर रविवारी चटका दिला होता. आणि भेदभाव हा शब्द तो माणूस दोन हंड्यांपासून दहा हातांवर उभा राहून बोलला.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "जाऊ द्या ना बाई." हे तुझं "जाऊ द्या" ऐकून ऐकून माझी एकवीस वर्षं गेली.

एकवीस वर्षं आपण एकाच आश्रमशाळेत होतो. तू स्वयंपाकघरात, मी वर्गात. मी जन्माची ख्रिस्ती, आजोबा पाळक, घरात सकाळ-संध्याकाळ शास्त्राचं वाचन. तू तिशीत बाप्तिस्मा घेतलेली, धड वाचताही न येणारी. खरं तर मी तुला शिकवायला हवं होतं. पण रविवारी सकाळी तू भाकऱ्या उरकून, धुतलेलं लुगडं नेसून सूर्यमाळच्या अंगाला पाड्यावर चालत जायचीस, आणि मी क्वार्टरमध्ये खाटेवर बसून एकटीच वाचायचे. तू दर वेळी दारात थांबायचीस. "चलता का बाई?" मी दर वेळी नाही म्हणायचे. पावसाळ्यात म्हणायचे चिखल आहे, उन्हाळ्यात म्हणायचे ऊन आहे, आणि थंडीत काही न बोलता मान हलवायचे.

खरं कारण मी तुला फार उशिरा सांगितलं. आमच्या गावचं देऊळ दगडी होतं, घंटेचं, रंगीत काचांचं. त्या मंडळीत दोन तट पडले ते सेक्रेटरी कोण यावरून. माझे वडील गेले तेव्हा देवळाला कुलूप होतं, आणि किल्ली कोणाची यावर दोन्ही तट ओट्यावर भांडत होते. वडिलांची शवपेटी पायरीवर उन्हात. आई पेटीवर छत्री धरून उभी होती. त्या दिवशी मी ठरवलं, देव हवा, मंडळी नको. पळसाला पाने तीनच, कुठेही जा, माणसं तीच. हे सगळं मी तुला सांगितलं तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. एक खडा काढून बाजूला टाकलास. मग म्हणालीस, "घरात मीच बोलतं न मीच ऐकतं, बाई. तठं जी बाय माला आवडत नाय, ती पन माझ्या नावानं हात जोडते. मंग माला पन तिच्या नावानं जोडायला लागतात. हे घरात कसं व्हायचं?"

मी हसले. तुझ्या बोलण्याला मी नेहमी असंच हसायचे, वरच्या पायरीवरून.

पाण्याचा रिवाज तू काढलास त्यालाही मी हसले होते. होळी झाली की पाड्यावरच्या विहिरीचा तळ दिसायला लागतो. मग बायका उतरून ओहोळात जातात, वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरतात, आणि एक हंडा डोक्यावर घेऊन चढून येतात. टँकर आला तर आला. अशा दिवसांत तू मंडळीत सांगितलंस की उपासनेला येताना प्रत्येक घराने एक तांब्या पाणी आणायचं. दाराशी हंडा ठेवायचा, आत येताना प्रत्येकाने त्यात आपला तांब्या ओतायचा आणि मग बसायचं. उपासना संपली की तो हंडा एका घरी जायचा. जिथे कोणी आजारी असेल, बाळंतीण असेल, ज्या म्हातारीला ओहोळ उतरवत नसेल, तिथे. मी म्हटलं, "एका तांब्याने काय होतं गं?" तू म्हणालीस, "एका तांब्यानं काय नाय होत. पंधरा घरांचा हंडा होतो." पाळकांनी यावर कधी प्रवचन केलं नाही. त्यांच्या लक्षातही आलं नसेल. ते महिन्यातून एकदा यायचे आणि पाण्याची बाटली गाडीलाच लावून आणायचे.

मग मथी आली. कातकऱ्याची बाई. नवरा वीटभट्टीवर, ही पाड्याच्या कडेला खोपटात. दोन रविवार शेडच्या बाहेर सागाखाली बसून गाणी ऐकली, तिसऱ्या रविवारी तू तिला हाताला धरून आत आणलंस. चौथ्या रविवारी तिने प्लॅस्टिकच्या बाटलीतून पाणी आणलं आणि सगळ्यांसारखं हंड्यात ओतलं. त्या दिवशी हंडा रामूदादाच्या घरी जायचा होता. त्यांची सून बाळंत झाली होती. पारूने तो डोक्यावर घेतला आणि गेली.

दुपारी तू बाळंतिणीला बघायला म्हणून तिकडे गेलीस. तिन्हीसांजेला माझ्याकडे आलीस आणि खाटेच्या पायाशी भुईवर बसलीस. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "त्यांच्या आंगनात चिखल झालाय, बाई."

मला आधी कळलंच नाही. मे महिन्यात, सूर्यमाळला, अंगणात चिखल? मग तू सांगितलंस. पारूने हंडा आत नेलाच नव्हता. उंबऱ्यापाशी उलटा केला होता. तू विचारलंस तर म्हणाली, कलंडला. तू म्हणालीस, कलंडलेलं पाणी एका बाजूला जातं, हे चहूकडे शिंपडलेलं होतं. ज्या बाईने जन्मभर वाटीवाटीने पाणी भरलं, जिच्या टाळूवर चुंबळीचा घट्टा आहे, तिने पंधरा घरांचं पाणी मातीत घातलं, कारण त्यात एका कातकरणीची बाटली होती. जानके, मी पुष्कळ घाण पाहिली आहे. मुलींच्या डोक्यातल्या उवा काढल्या आहेत, तुंबलेले संडास मोकळे केले आहेत. पण त्या अंगणाची जी किळस मला बसली, ती अजून गेलेली नाही.

पुढच्या रविवारी दाराशी दोन भांडी होती. एक नेहमीचा स्टीलचा हंडा, आणि त्याच्या शेजारी बुटकी, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची कळशी. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, सगळ्यांना कळलं. महिन्याने पाळक आले, तू त्यांना बाजूला घेऊन विचारलंस. ते म्हणाले, हळूहळू होईल, मंडळीत शांती राहिली पाहिजे. शांती! या एका शब्दाखाली आमच्या लोकांनी जेवढं झाकलं आहे तेवढं कशाखालीच झाकलेलं नाही.

तेव्हा मी तुझ्याशी खरी भांडले. म्हटलं, सोड ही माणसं. मथीला घे, माझ्या खोलीत ये, आपण तिघी बसू, मी वाचीन, तू गा. देव काय ताडपत्रीवरच येतो? तू म्हणालीस, "आपन तिघी बसलो तर पारूला कोन सांगंल?" मी म्हटलं, तिथे बसून तरी तू काय सांगतेस? तोंडातून शब्द काढत नाहीस. तू उठलीस आणि गेलीस. पंधरा दिवस तू माझ्याशी कामापुरतं बोललीस. आणि मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं की तू दर रविवारी, सगळ्यांच्या देखत, तुझा तांब्या त्या कळशीत ओततेस. मोठ्या हंड्यात चौदा घरं, कळशीत दोन. हे तुझं सांगणं होतं. मला ते पुळचट वाटलं. मी म्हटलंही तसं. भांडण तिथेच राहिलं. मग मी निवृत्त होऊन जव्हारला घर केलं, तू पाड्यावर राहिलीस, आणि आपण फोनवर पावसाबद्दल बोलायला लागलो.

गेल्या आठवड्यात तुझ्या मुलाचा, दिनेशचा फोन आला. तो बोईसरहून निघाला होता, मी जव्हारहून. मोखाड्यात दुसरी जीप मिळायला तास गेला. पोहोचले तेव्हा दहा वाजले होते, आणि तू अजून घरातच होतीस, कारण तुला न्यायचं कुठे यावर बोलणं चाललं होतं. तुझ्या सासरचे भाऊबंद अंगणात उभे होते. तिने आपले देव टाकले, आता तिची माणसं बघतील, गावाच्या जागेत नको. आवाज न चढवता, बिडी ओढत बोलत होते. ज्यांची पोरं तुझ्या हातची भाकरी खाऊन मोठी झाली, त्यांतलेच होते. मला पुन्हा ती पायरी दिसली, ती पेटी, ती छत्री. माझ्या हातात पर्स आणि छत्री होती. एवढंच माझ्या हातात होतं.

मग रामूदादा पुढे झाला. तोच. म्हणाला, "माझ्या राबाच्या कडंला जागा हाय. तठं नेऊ." राबाची जागा म्हणजे भाताची रोपं करायची जागा, घरातली सगळ्यात चांगली. त्याने बायकोला विचारलं नाही, मुलाला विचारलं नाही. पहार घेऊन निघाला. माझी पंचाईत अशी झाली जानके, की ज्या माणसाचा मला तिटकारा येतो, त्याच्याच जमिनीत तू आहेस.

जमीन दगड झाली होती. पहार मारली की ठिणगी उडायची. बोटभर उकरायला चार जणांना घाम फुटला. तेव्हा कोणीतरी म्हणालं, पाणी घातल्याशिवाय माती सुटायची नाही. आणि घराघरातून पाणी यायला लागलं. त्या दिवशीचं प्यायचं पाणी. हंडे, कळश्या, एका घरातून तर पातेलं. ओतायचं, मुरू द्यायचं, खणायचं, पुन्हा ओतायचं. मी बांधावर उभी राहून बघत होते. तू मला वीस वर्षं जे सांगत होतीस ते माझ्या समोर चाललं होतं आणि मी मनात म्हणत होते, मी मेले तर जव्हारला माझ्यासाठी कोण पाणी ओतेल? शेजारचे फार तर गाडी बोलावतील. चांगली माणसं आहेत, गाडी नक्की बोलावतील.

इथेच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. मी तुझी मंडळी तुझ्यासाठी माफ करून टाकली असती. पण आत बायका तुला न्हाऊ घालत होत्या. त्यासाठीही प्रत्येक घरातून तांब्या आला होता, तुझाच रिवाज. मथी आपली बाटली घेऊन दारात आली. पारूने वर बघितलं, आणि अगदी हळू, कामाचं बोलावं तसं म्हणाली, "ते मातीत वता."

मथी गेली. खड्ड्याच्या कडेला वाकून तिने बाटली रिकामी केली आणि हाताने माती ओढायला लागली. तिची नखं फुटली. दारात मी होते, दिनेश होता, आणखी सहा-सात बाया होत्या. तुझ्या अंगावर तुझ्या मैत्रिणीचं पाणी पडू दिलं नाही, जानके, आणि आम्ही सगळे तिथे होतो.

त्याच आठवड्यात ती शोकसभा, आणि पारूचा तो पदर. शेडच्या बाहेर सागाखाली उभी राहून मी स्वतःला म्हटलं, बघ, तुझंच बरोबर होतं, आली की नाही किळस? आणि तेव्हाच मला ते आठवलं, जे आठवू नये म्हणून मी चार वर्षं जपत होते. तुला ते आठवत होतं का? तू कधी बोलली नाहीस.

दोन हंडे झाले त्याच उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला होता. शाळेला सुट्टी, क्वार्टरमध्ये मी एकटी. रविवारी दुपारी तू कळशी घेऊन आलीस. कपाळावर पट्टी ठेवलीस, पेल्यात पाणी ओतलंस, माझ्या ओठाला लावलंस. आणि मी तोंड बाजूला केलं आणि विचारलं, "कुठल्या हंड्यातलं आहे?"

तू पेला तसाच धरून म्हणालीस, "पानी हाय, बाई. उकळून आनलंय."

मी प्यायले. नंतर मनाची समजूत घातली की मी आजारामुळे विचारलं, मथी खालच्या झिऱ्यातून भरते, ते पाणी गढूळ असतं. सगळ्याच बाया त्याच झिऱ्यातून भरतात हे मला ठाऊक होतं. मला हेही ठाऊक होतं की कळशी बुटकी होती, जर्मनची होती, आणि ती मी ओळखली होती. पारूने पाणी अंगणात ओतलं. मी प्रश्न ओतला, तुझ्या तोंडावर. त्यानंतर महिनाभराने मी तुला पुळचट म्हटलं. तू ऐकून घेतलंस.

यासाठी मला तुझी क्षमा मागायची होती. फोनवर पावसाबद्दल बोलताना दोन-तीनदा ओठांवर आलं होतं. आता इथे लिहिते आहे, म्हणजे कोणालाच सांगत नाही.

काल रविवार होता. पहाटेची पहिली जीप धरून गेले. पिशवीत तांब्या, वर फडकं बांधलेलं, त्यातलं निम्मं पाणी घाटात माझ्याच मांडीवर सांडलं. शेडच्या दाराशी दोन्ही भांडी होती. मोठा हंडा भरत आला होता. कळशीत वाकून बघितलं तर तळाला एकच बाटलीभर पाणी. तू नव्हतीस ना. पारू लगबगीने पुढे आली, "बाई, हिकडं वता," म्हणून तिने हंड्याकडे हात केला. मोठ्या मानाने केला. मी माझा अर्धा तांब्या कळशीत ओतला. मग कळशी उचलली, माझे गुडघे तुला माहीत आहेत, आणि ती हंड्यात रिकामी केली. थोडं बाहेर सांडलं. आत गाणं चालू होतं ते मधेच थांबलं, आणि रामूदादाने ते पुन्हा पहिल्यापासून धरलं.

मी आत जाऊन तुझ्या जागेवर बसले. शेजारी मथी होती. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती पुढे बघत हळूच म्हणाली, "कशाला केलंत बाई? तुम्ही जाल जीपनं. बोल माला बसतील." तासभर मी न आवडणाऱ्या माणसांच्या मधे बसले, त्यांच्या घामाच्या वासात, त्यांच्या बेसूर गाण्यात. प्रार्थनेत रामूदादाने माझं नाव घेतलं, बाईंच्या गुडघ्यांना आराम पडो म्हणून. आणि मग पाळी आली तेव्हा मलाही पारूचं नाव घ्यावं लागलं. घेतलं.

हंडा कुणाकडे जायचा हे शेवटी सांगतात. रामूदादा खाली बघत म्हणाला की पाळी त्यांच्याच घराची आहे, म्हातारी अंथरुणाला खिळली आहे. मथी उठून सरळ आपल्या खोपटाकडे गेली. तिला पुढचं बघायचं नव्हतं. पारूने हंडा डोक्यावर घेतला. मी तिच्या मागोमाग चालायला लागले. तिने दोनदा वळून पाहिलं. घराशी पोहोचल्यावर मी अंगणात, बरोबर उंबऱ्यासमोर, जमिनीवर बसले.

ती हंडा घेऊन उंबऱ्यापाशी थांबली. मग वाकून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, म्हातारीचं कण्हणं आलं. थोड्या वेळाने पारू बाहेर आली आणि माझ्यापुढे तांब्या धरला. "घ्या बाई, उनाच्या आल्यात." माझ्या जिभेवर तोच प्रश्न आला, कुठल्या हंड्यातलं? या वेळी मला दुसरंच उत्तर हवं होतं, पण प्रश्न तोच होता. मी तो गिळला आणि तांब्या तोंडाला लावला. म्हातारीला तिने कुठलं पाजलं, ते मला दिसलं नाही.

जीपची वेळ होईपर्यंत मी तिथेच बसले. उठताना अंगण नीट बघून घेतलं, घराच्या मागे जाऊनही बघितलं. कोरडं होतं, जानके. पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन बघणार आहे.